घडून गेल्यावर

रोजच्या मराठी मालिकेचा भाग कुठे तुटणार हे आता घरातलं लहान पोरही सांगेल. दाराची कडी वाजते, कुणाच्या तरी हातातलं ताट पडतं, किंवा वर्षभर गप्प असलेली एखादी बाई खरं काय ते सांगायला तोंड उघडते. मग कॅमेरा एकेका चेहऱ्यावर धावतो. सासू, दीर, मोलकरीण, पुन्हा सासू. ढोल वाजतात आणि नावांच्या पाट्या सरकायला लागतात. दुसऱ्या दिवशी तेच ताट पुन्हा पडतं, बाई बोलून टाकते, दोन मिनिटं रडारड होते आणि गोष्ट उठून दुसऱ्या जोडप्याच्या खोलीत जाते. त्या घरात त्या रात्री कोण जेवलं, कोण कुणाशी बोललं नाही, कोण लवकर झोपल्याचं सोंग करून पडून राहिलं, याची चौकशी कुणी करत नाही.

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी आत्या संध्याकाळी दिवा लावून झाला की टीव्हीसमोर बसते ती रात्रीच्या जेवणापर्यंत. पावसाळ्यात नेमकी त्या ताट पडायच्या क्षणाला लाईट जाते. मी हळहळतो, ती नाही. ‘फाल्यां परत दाखयतले मरे,’ म्हणजे उद्या परत दाखवतीलच, असं म्हणते आणि मेणबत्ती शोधायला उठते. मालिकेवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

कारण तो क्षण गेला तरी काहीच जात नाही. नाटक त्या क्षणाच्या पलीकडे असतं. जगभरच्या मालिकांमधले जे भाग लोक वर्षानुवर्षं काढून पुन्हा पाहतात, ते आठवून बघितले की एक गोष्ट मला सारखी दिसते. त्यांत मोठी घटना शेवटाला नसते. ती लवकर उरकून टाकलेली असते, नाहीतर आदल्याच भागात होऊन गेलेली असते. उरलेला पाऊण तास लेखक तिथून हलत नाही.

‘ब्रेकिंग बॅड’ घ्या. पाचव्या पर्वाचा तेरावा भाग वाळवंटात गोळीबार चालू असतानाच तुटतो. म्हणजे आपल्याकडच्यासारखाच चेहऱ्यावर धावणारा कॅमेरा, फक्त ढोलाऐवजी बंदुका. प्रेक्षक आठवडाभर लटकत राहिला. १५ सप्टेंबर २०१३ला पुढचा भाग आला, ‘ओझिमँडियस’. मोइरा वॉली-बेकेटचं लेखन, रायन जॉन्सनचं दिग्दर्शन. हा भाग सुरू होतो त्याच वाळवंटात, पण फार आधीच्या एका दिवशी. वॉल्टर व्हाइट नावाचा रसायनशास्त्राचा मास्तर पहिल्यांदाच अमली पदार्थ बनवायला आला आहे. घरी उशीर होणार म्हणून बायकोला काय थाप मारायची याची तो एकटाच उभा राहून तालीम करतो, मग फोन लावतो. होणाऱ्या बाळाचं नाव काय ठेवायचं यावर दोघं बोलतात. नंतर तो, त्याचा साथीदार, त्यांची गाडी एकेक करून विरत जातात. वाळवंट रिकामं होतं. त्या रिकाम्या जागेत आजच्या गाड्या उमटतात, गोळ्यांचे आवाज ऐकू येतात, आणि माणसं दिसतात तोवर गोळीबार संपलेला असतो.

आठवडाभर ज्यासाठी माणसं ताटकळली ते दाखवलंच नाही! मेव्हणा मरतो तोही भागाच्या पूर्वार्धातच. त्यानंतर जे उरतं ते एका घराचं आहे. घरात हातात सुरी घेतलेली बायको, मध्ये पडणारा मुलगा, आणि तान्ह्या मुलीला उचलून गाडीत घालून पळणारा बाप. पहिल्या प्रसंगात जिचं नाव ठरत होतं तीच ही मुलगी. ज्या फोनवर त्याने थाप मारली त्याच बायकोला तो शेवटी पुन्हा फोन करतो, शिव्या देतो, आणि त्या शिव्यांमधली थाप ओळखायची जबाबदारी आपल्यावर टाकतो. या भागाच्या लेखनाला एमी हा अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला, प्रेक्षक गुण देतात त्या आयएमडीबी या संकेतस्थळावर कित्येक वर्षं त्याला १० पैकी १० गुण होते. त्या गुणांत गोळीबाराचा वाटा किती आणि त्या पहिल्या साध्या फोनचा किती, हे एकदा पुन्हा पाहून ठरवावं.

‘सक्सेशन’चं उदाहरण मला याहून आवडतं, कारण तिथे हिंमत जास्त आहे. चार पर्वं ही मालिका एकाच प्रश्नावर चालली होती. म्हातारा लोगन रॉय गेल्यावर त्याचा धंदा कोणत्या मुलाकडे जाणार? आपल्याकडे हा म्हातारा अखेरच्या भागाच्या अखेरच्या मिनिटाला गेला असता, तोही उशाशी सगळे जमल्यावर, मृत्युपत्राचा कागद हातात धरून. ‘सक्सेशन’मध्ये तो शेवटच्या पर्वाच्या दहा भागांपैकी तिसऱ्याच भागात जातो. ९ एप्रिल २०२३ला आलेल्या या भागाचं नावसुद्धा थोरल्या मुलाच्या लग्नाचं आहे, ‘कॉनर्स वेडिंग’. मुलं न्यूयॉर्कच्या पाण्यात लग्नाच्या बोटीवर, बाप विमानात, आणि जावयाचा फोन येतो की यांना काहीतरी झालंय, छाती दाबणं चालू आहे.

बाप आपल्याला दिसत नाही. मुलांनाही दिसत नाही. जावई म्हणतो, मी फोन त्यांच्या कानाला लावतोय, बोला. आता बोला म्हणजे काय बोला? पलीकडचा माणूस ऐकतो आहे की केव्हाच गेला आहे हे ठाऊक नसताना एकेकजण फोन घेतो. धाकटा अडखळत म्हणतो की तुम्ही चांगले वडील होतात, आणि हे वाक्य आपल्यालाच खरं वाटत नाही हे त्याच्या तोंडावर दिसतं. दुसरा म्हणतो, माफ करता येणार नाही, पण प्रेम आहे. मुलगी एकदम लहान होऊन जाते. ज्याचं लग्न आहे त्याला तर कुणी फोनवर बोलवतही नाही. त्याला नंतर कळतं, आणि त्याच्या तोंडून पहिलं काय निघतं तर बापाला मी कधी आवडलोच नव्हतो. थोड्याच वेळात तीच मुलं डोळे पुसत कंपनीच्या निवेदनातले शब्द जुळवायला बसतात, कारण बाजाराला कळवायचं आहे.

ही मालिका फिल्मवर चित्रित होत असे. कॅमेऱ्यातलं रीळ दहाएक मिनिटांत संपतं. दिग्दर्शक मार्क मायलॉडने कॅमेरे आळीपाळीने भरत, नटांना न थांबवता, सुमारे अर्ध्या तासाचा सलग टेक घेतला. मालिका लिहिणारा जेसी आर्मस्ट्राँग आणि मायलॉड दोघांनाही या भागासाठी एमी मिळालं. टेक लांब होता म्हणून भाग मोठा झाला असं मी म्हणणार नाही. लांब टेकची हौस हल्ली फार झाली आहे, आणि बऱ्याचदा ती कॅमेरामनच्या व्यायामापलीकडे जात नाही. इथे तो लागला, कारण नटांना त्या खोलीतून सुटायला जागा ठेवायची नव्हती.

मर्तिकाच्या घरी ज्याने कधी संध्याकाळ काढली आहे त्याला या बोटीवरचं सगळं ओळखीचं वाटेल. आमच्याकडे माणूस जातो, आणि पुढच्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, भटजींना फोन केला का? लाकडांचं कोण बघतोय? मुंबईच्या भावाला कोण सांगणार? मडगावहून निघालेला जावई बोरी पुलावर अडकलेला असतो आणि दर दहा मिनिटांनी त्याचा फोन येतो, आणि त्याच्यावर चिडायचं निमित्त मिळाल्याने सगळ्यांना जरा बरं वाटतं. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारीण चहाची किटली घेऊन येते आणि कप कमी पडतात. त्या कपांवरून दोन बायकांत कुजबुज होते. रडणं या सगळ्याच्या मधून कुठून तरी येतं आणि पुन्हा जातं. दुःखाचं खरं रूप बहुधा असंच असतं, अर्धवट आणि कामात गुंतलेलं. टीव्हीवर मात्र माणूस मेला की सगळे एकाच सुरात रडतात.

हे फार आधी ज्याने ओळखलं तो भाग एका रक्तपिपासू भुतांच्या मालिकेतला होता, हे मला गमतीचं वाटतं. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’. नाव ऐकून कुणी गंभीरपणे घेणार नाही. दर आठवड्याला एक मुलगी कुठल्यातरी राक्षसाला मारते असा तो मामला. २७ फेब्रुवारी २००१च्या ‘द बॉडी’ या भागात तिची आई गेलेली आहे. राक्षसाने मारलेली नाही, आजारपणातून मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेली. म्हणजे हिच्या सगळ्या ताकदीला मारायला कुणी उरलंच नाही. लेखक-दिग्दर्शक जॉस व्हेडनने या भागात पार्श्वसंगीत अजिबात ठेवलं नाही. जमिनीवर पावलं वाजतात, अंगणातून कुठल्यातरी मुलांचे आवाज येतात. एक मैत्रीण इस्पितळात जायला निघण्याआधी कोणता शर्ट घालावा यावर अडकते. एक काढते, दुसरा घालते, तोही नको, आणि शेवटी त्या शर्टावरूनच कोसळते. मित्राने घाईत गाडी भलतीकडे लावलेली असते, तिच्यावर दंडाची पावती चिकटलेली मिळते. दंडाच्या पावतीला मृत्यूशी काही देणंघेणं नाही. तो दिवस खरा वाटतो तो तिच्यामुळे.

‘मॅड मेन’च्या ‘द सूटकेस’ (२०१०) या भागात हीच युक्ती उलटी फिरवलेली आहे. कॅलिफोर्नियातून फोन आलेला आहे, जवळचं माणूस गेल्याचीच बातमी असणार हे नायकाला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणून तो उलट फोन करत नाही. एवढंच. सबंध रात्र तो हाताखालच्या मुलीला ऑफिसात अडकवून ठेवतो, तिचा वाढदिवस असताना. सूटकेसच्या जाहिरातीवरून भांडतो, पितो, झोपतो. सकाळी फोन करावाच लागतो. मालिकावाल्यांच्या हिशेबात या भागात काहीच घडत नाही.

आता हे सगळं अमेरिकेतून शिकायला हवं होतं असं कुणी समजू नये. पेडण्याच्या बाजूला त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा सुरू झाल्या की दहीकाल्याची नाटकं लागतात. दशावतारी मंडळी येतात, पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या आसपास पेटी आणि मृदंग लागतो. आधी आडदशावतार, त्यात संकासुर मालवणीत सगळ्यांची टर उडवतो, मग पुराणातलं आख्यान. संहिता लिहिलेली नसते. नटाला प्रसंग ठाऊक असतो आणि बोलणं तिथल्या तिथे सुचतं. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच झाड, तेच रणांगण. आणि पुढे बसलेल्या प्रत्येकाला, अगदी आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरालाही, शेवटी काय होणार ते माहीत असतं. इथे ताट पाडून कुणाला लटकवणार?

चक्रव्यूहाचं आख्यान मी तिकडे पाहिलं आहे. अभिमन्यू मरतो तेव्हा टाळ्या पडतात, युद्धाचा भाग जोरात होतो, मृदंगवाला घामाघूम होतो. पण माणसं सरसावून बसतात ती नंतर. अर्जुन दिवसभर संशप्तकांशी लढून संध्याकाळी शिबिरात येतो. महाभारतातही हा प्रसंग असाच आहे. परतताना त्याला अपशकुन होतात, छावणीत रोजची वाद्यं वाजत नाहीत, माणसं तोंड चुकवतात, आणि रोज सामोरा येणारा मुलगा आज येत नाही. सगळ्या जगाला बातमी ठाऊक आहे, त्याला एकट्याला नाही. त्या रात्री अर्जुनाचं काम करणारा नट बाकड्याच्या एका टोकाला बसला आणि भावांना किरकोळ गोष्टी विचारत राहिला. घोड्यांना पाणी दाखवलं का? जेवणं झाली का? धर्मराज मान खाली घालून ‘हो’ म्हणत राहिला. ज्याने पोराला व्यूहात जायला सांगितलं तोच धर्मराज. पेटीवाल्याने एक सूर धरला तो सोडेना. माझ्या शेजारचा माणूस खाज्याची पुडी उघडी धरून बसला होता, त्याचा हात पुडीतच राहिला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ‘अभिमन्यू खंय?’ असं मागून एक म्हातारी पुटपुटली, नटाच्या आधी. त्या नटाने तो प्रश्न विचारायला जितका उशीर लावला तितकं नाटक वर चढत गेलं. जत्रेतल्या नटाला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याला एक सोय होती. प्रेक्षक पहाटेपर्यंत उठणार नव्हता.

टीव्हीच्या प्रेक्षकाच्या हातात रिमोट असतो, हे विसरून मालिकांवर टीका करणं सोपं आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं, तेव्हा कितीतरी मराठी मालिकांची युनिटं गोव्यात उतरली. मे महिन्यात इथेही आरडाओरड झाली आणि सरकारने परवानग्या मागे घेतल्या. त्या मधल्या दिवसांत ओळखीच्या एकाच्या गच्चीवरून पलीकडच्या बंगल्यातलं काम मला बघायला मिळालं. बबल, म्हणजे बाहेरच्या कुणाला आत न घेण्याचा कोरोनाचा नियम, असल्यामुळे गेटच्या आत प्रवेश नव्हता. लांबून जे दिसलं ते असं: एका वऱ्हांड्यात सहा माणसं उभी, आणि ‘धक्का बसला’ असा चेहरा एकेकाकडून करून घेणं चाललेलं. समोरचं वाक्य बोलणारी बाई तिथे नव्हतीच. ती बहुधा आत दुसऱ्या प्रसंगाला बसली असावी. सहाय्यक मुलगा हातातल्या कागदावरून ते वाक्य सपाट आवाजात वाचत होता, आणि सहा माणसं पाळीपाळीने हादरत होती. ऊन उतरायला लागलं होतं, आज संध्याकाळी हे मुंबईला पाठवायचं होतं, परवा ते दिसणार होतं.

या घाईत नंतरचं दाखवायचं कुणी? नंतरच्यासाठी सहाही माणसं एका वेळी एका खोलीत लागतात, एकमेकांचं ऐकावं लागतं, आणि ते ऐकणं टिपायला वेळ लागतो. धक्का एकट्याने बसतो, सोसायला मात्र माणसं लागतात. शिवाय कोणती मालिका किती जण बघतात हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात. त्या आकड्यांवर लेखकाची पुढच्या आठवड्याची गोष्ट ठरते. अशा व्यवस्थेत ताट पाडण्याला मी आळस म्हणणार नाही, ती पोटापाण्याची सोय आहे.

तरीही एकदा मराठीत हे झालं आहे, आणि ते गोव्याच्या वेशीवरच झालं. २०१६ साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली ती अण्णा नाईक गेल्यावर. वाडा, सिंधुदुर्गातली माणसं, आणि दिवसकार्यासाठी जमलेले मुलगे-सुना. बोली मालवणी, त्यामुळे पेडणे-डिचोलीकडच्या लोकांना टीव्हीवर पहिल्यांदाच आपले शेजारी बोलताहेत असं झालं. पुढे भुताटकी वाढली, संशय वाढले, आणि मालिका कुठल्या कुठे गेली. सुरुवातीला मात्र त्या घरात मेलेल्या माणसाची गैरहजेरी सगळ्यात जास्त जागा अडवून बसली होती. अण्णांच्या बायकोचं, माईंचं, गप्प बसणं, घरगडी पांडूचं सगळं विसरणं, जमिनीचा विषय कुणी आधी काढायचा याची वाट पाहणारे भाऊ. भुतं आली नसती तरी मी ती बघत राहिलो असतो. पण अण्णा मेले होते हीच पुढे अडचण झाली. २०१९ला दुसरं पर्व आलं ते मागच्या काळात जाऊन, अण्णांना जिवंत करून, आणि ते पहिल्यापेक्षा गाजलं. माझा मुद्दा इथे जरा लंगडतो, हे मला दिसतं.

आणखी एका ठिकाणी तो लंगडतो. भाचा मला मोबाईलवर ‘जगातले सर्वोत्तम भाग’ अशा याद्या दाखवतो, आणि त्यातला एकेक भाग सुटा काढून पाहतो. ‘ओझिमँडियस’ त्याने मालिकेचं बाकी काही न पाहता पाहिला. ‘ठीक आहे रे मामा,’ म्हणाला. बरोबरच आहे. हा भाग म्हणजे साठ भागांत साठवलेली मुदत ठेव एका दिवसात मोडणं. ज्याने ठेवलेच नाहीत त्याच्या हातात काय येणार? म्हणून चांगल्या भागाचं श्रेय त्याच्या आधीच्या कंटाळवाण्या भागांनाही द्यायला हवं. मास्तर कसा चालतो, कशी थाप मारतो, हे दाखवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते भाग.

पण मग ‘अडोलसेन्स’चं काय? १३ मार्च २०२५ला आलेली ही इंग्लंडची मालिका चार भागांतच संपते, साठवायला वेळच नाही. प्रत्येक भाग एका सलग टेकमध्ये. तेरा वर्षांच्या जेमीला पोलीस पहाटे घरातून उचलतात, आणि खून त्याने केला की नाही हा प्रश्न पहिल्याच भागाच्या शेवटी सीसीटीव्हीच्या चित्रफितीने निकालात काढला जातो. आपल्याकडे या एका प्रश्नावर दोन वर्षं काढली असती! तिसऱ्या भागात एक मानसतज्ज्ञ बाई आणि हा मुलगा, एक खोली, एक टेबल. ती त्याच्यासाठी मार्शमेलो घातलेलं हॉट चॉकलेट आणि अर्धं सँडविच घेऊन येते. त्यावरून सुरू झालेली गंमत कुठवर जाते ते पाहताना मी दोनदा उठून पाणी प्यायलो. ओवेन कूपरचं अभिनयातलं हे पहिलंच काम, आणि त्यासाठी पंधराव्या वर्षी त्याला एमी मिळालं. इतका लहान पुरुष नट त्याआधी कधी जिंकला नव्हता. साठवण नव्हती तरी हे जमलं, कारण पहिल्या भागाने सांगून टाकलं होतं की काय झालं ते तुम्हाला कळलं आहे, आता बसा.

आत्याला मी हे सगळं सांगून पाहिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, ‘रोज तिन्हीसांजेला एवढं कोण सोसणार? मला सोबत पाहिजे.’ तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. रोज संध्याकाळी येणारी मालिका नाटक नसते, ती येऊन-जाऊन असलेली शेजारीण असते, आणि शेजारणीने रोज काळीज चिरलं तर आपण दार उघडणार नाही. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवड्यातून एकदा यायचे, म्हणून कदाचित त्यांना हळू बोलणं परवडायचं.

माझी मागणी त्यामुळे फार छोटी आहे. वर्षातून एक भाग द्या. महाएपिसोड नको, दोन मालिकांचा महासंगम नको. ताट सोमवारी पाडा, बाईला बोलून टाकू द्या. मंगळवारी फक्त त्या घरातली त्या रात्रीची गोष्ट दाखवा. दुसरा ट्रॅक नको, ढोल नको. भात कुणी वाढला, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपलं, सकाळी दूधवाल्याला पैसे द्यायला दार कुणी उघडलं, एवढंच. नट आपल्याकडे आहेत, जत्रेतल्या बाकड्यावर मी ते पाहिले आहेत. लेखकही आहेत, त्यांना फक्त दोन दिवस जास्त द्यावे लागतील. आकडे पडले तर पडले. गुरुवारी कळेलच.